हेतूचा फाउल

माझ्या बायकोला समोरच्या बाईच्या चड्डीला हात घालायची खोड आहे, असं मी म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग तिच्याकडे. तिच्याकडे बघितलं की पुढचं काही विचारत नाहीत. उंचीला रणजिता माझ्याएवढीच, पण आम्ही शेजारी उभे राहिलो की ती कापडाचा तागा आणि मी टाचणी.

मी हेमंत पोरे. इचलकरंजीत शिवणकाम करतो. आमच्या गावात आता माग एकटेच चालतात, पण चड्डी अजून माणसालाच शिवावी लागते, निदान पिंजऱ्यात लढणाऱ्यांची तरी. रणजिता पहिल्यांदा दुकानात आली ती चड्डी शिवून घ्यायलाच. ती तिने आठवड्यात उसवून आणली. दुसरीही उसवली. तिसरीची शिवण मी अशी घातली की ती काही केल्या निघेना, तेव्हा तिने मला लग्नाचं विचारलं. मी 'विचार करून सांगतो' म्हणणार होतो, पण मान आधीच हलली होती.

ती खेळते त्याला एमएमए म्हणतात. जाळीच्या पिंजऱ्यात दोघी उतरतात. ठोसा, लाथ, पेच, गळा आवळणं, सगळं चालतं. यावरून ज्यांना वाटतं की तिथे काहीही चालतं, त्यांनी नियमांचं पुस्तक एकदा बघावं. डोळ्यात बोट नाही. जांघेत लाथ नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला ठोसा नाही. चावायचं नाही, केस ओढायचे नाहीत, जाळी धरायची नाही. आणि समोरच्याची चड्डी धरायची नाही. या शेवटच्या नियमाशी आमच्या घराचं वाकडं.

कारण रणजिताचे हात तालमीतले आहेत. तिचे वडील हिंदुराव चौगुले, म्हणजे आमचे तात्या, वस्ताद. मातीतल्या कुस्तीत समोरच्याचा लंगोट धरता येतो आणि तात्यांचा लाडका डाव घिस्सा, त्याचं मूळच तिथे आहे. पाठीमागून बसायचं, कमरेच्या कापडाला पक्की मूठ घालायची, दुसऱ्या हाताने मान दाबायची आणि माणूस पुढे उलटवून पाठीवर पाडायचा. रणजिताची आई ती लहान असतानाच गेली. पोरीचं काय करायचं ते तात्यांना कळेना, म्हणून त्यांनी तिला आखाड्यात घेतलं आणि घिस्सा शिकवला. दिवसदिवस शिकवला. आता समोरच्या बाईची पाठ दिसली की तिच्या बोटांना कापड हवं असतं.

पिंजऱ्यात आल्यावर ती ही खोड आवरायला शिकली. पाठीमागे पोचली की बोटं ताठ उघडी ठेवायची. इतकी वर्षं तिने एकदाही कापड धरलं नव्हतं. तिला ते जमलं होतं, आणि मला त्याचं फार कौतुक होतं.

मग हेतूपट्टी आली.

पट्टी दिसायला साधी. कातडीच्या रंगाची, पातळ, दोन्ही हातांना आणि मानेला चिकटवायची. आपण पेला उचलतो तेव्हा हात हलायच्या आधी मेंदूतून हुकूम निघतो. तो मज्जातंतूंवाटे खाली येतो, स्नायूंपाशी बारीकसा विद्युतप्रवाह उमटतो आणि मग बोटं मिटतात. गंमत अशी की 'मी पेला उचलायचं ठरवलं' असं आपल्याला वाटतं ते हुकूम निघून गेल्यावर. मालकाला कळायच्या आधी कारागीर कामाला लागलेला असतो. मालकाच्या हातात एवढंच उरतं, की शेवटच्या क्षणी ते काम थांबवायचं. पट्टी हा हुकूम वाचते. पिंजऱ्याभोवतीचे कॅमेरे हात कुठे आहे ते सांगतात. दोन्हींची सांगड घातली की कुठल्या बोटांना कशावर काय करायचा हुकूम सुटला, ते संगणकाला कळतं.

सुरुवातीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूर्वी डोळ्यात बोट गेलं की ज्याचं बोट तो 'चुकून गेलं' म्हणायचा, ज्याचा डोळा तो 'मुद्दाम घातलं' म्हणायचा आणि पंच बिचारा दोघांच्या तोंडाकडे बघायचा. चुकून झालेल्याला समज, मुद्दाम केलेल्याला गुणांची काट, असा नियम होता, पण माणसाचं मन कोण उघडून बघणार? पट्टीने ते उघडलं. मुद्दाम घातलेली बोटं बघता बघता कमी झाली.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण महासंघाला हुरूप आला. फाउल झाल्यावर शिक्षा कशाला, होण्याआधीच धरू की! म्हणून नवा नियम निघाला, हेतूचा फाउल. फाउलचा हुकूम सुटला, मग हात थांबला तरी, जाळीवरचा हिरवा दिवा लाल होणार आणि नावावर लाल खूण पडणार. वर्षात तीन लाल खुणा झाल्या की परवाना रद्द.

सवय व्हावी म्हणून रणजिता पट्टी घरीही लावायला लागली. घरी कॅमेरे नव्हते, तरी फाउलसारखा काही हुकूम सुटला की तिचा फोन टिंग करायचा. मी भडंगाची बशी माझ्याकडे ओढली की टिंग. तिच्या मावशीबद्दल एक शब्द काढला की टिंग टिंग. बाई मात्र शांतपणे चहा पीत बसलेली. लग्न टिकवायचं तर आपल्या माणसाने काय करायचं टाळलं हे न कळलेलंच बरं, असं माझं तेव्हापासून मत झालं.

पिंजऱ्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. दोन लढतींत दोनदा ती पाठीमागे पोचली आणि दोन्ही वेळा दिवा लाल झाला. दुसऱ्या वेळी मी पंचबाईंना चित्रफीत पुन्हा दाखवायला लावली. रणजिताचा पंजा सताड उघडा होता. बोटं कापडाला शिवलीसुद्धा नव्हती.

"धरलं कुठंय तिनं?" मी म्हणालो.

"धरलं नाही हो," पंचबाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. "धरायचं होतं."

"आणि धरलं नाही! त्याचं काहीच नाही का?"

त्यांनी नियमांचं पुस्तक चाळून मिटलं. पुस्तकात त्याचा रकाना नव्हता.

पुढची लढत राष्ट्रीय विजेतेपदाच्या पट्ट्याची होती, मिझोरमच्या लालरेमीशी. रणजिताचं वय आता चाळिशीकडे झुकायला लागलेलं. पट्टा मिळाला नसता तरी तिला चाललं असतं. पण तिसरी लाल खूण पडली असती तर खेळच गेला असता, आणि खेळाशिवाय रणजिता म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. त्या दिवसांत ती स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहायची, कुणी आगाऊ पाहुणा घरात येऊन राहिला असावा तशी.

*

सांगलीला डॉक्टर फरहाना बागवान आहेत. त्या खेळाडूंच्या मेंदूवर काम करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही सवय काढता येईल."

त्यांनी समजावलं ते मला माझ्या भाषेत कळलं. शिकलेली गोष्ट मेंदूत पक्क्या शिवणीसारखी असते. पण ती आठवली, वापरली, की थोडा वेळ तिचा दोरा ढिला पडतो. नंतर ती पुन्हा घट्ट होते. ढिली असताना डोक्यावर चुंबकीय लहरींचे हलके ठोके दिले, तर ती पुन्हा घट्ट होत नाही. असं काही वेळा केलं की शिवण उसवते. दुखत नाही, रक्त नाही, माणूस संध्याकाळी घरी.

"मग करू या की," मी म्हणालो.

"एक सांगायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "दोरा एकच नसतो. कापड धरण्याची सवय तुमच्या घिश्शात गुंफलेली आहे. ती गेली तर घिस्साही जाईल, आणि त्याच्या आजूबाजूचं, त्याच काळात शिकलेलं, काय काय जाईल ते मला आधी सांगता येणार नाही. तुम्हाला आठवेल की आपण हे शिकलो होतो. पण हाताला आठवणार नाही."

रणजिताने उजवी मूठ मिटली आणि उघडली. येताना बसमध्येही ती तेच करत होती.

घरी तात्या पडवीत बसले होते. तात्यांचं आणि या खेळाचं कधी जमलं नाही. पोरीची एकही लढत त्यांनी बघितलेली नव्हती. ती जिंकून आली की विचारायचे, "झाली का झोंबाझोंबी?" कुस्ती हा शब्द त्यांनी पोरीच्या खेळासाठी कधी वापरला नाही. मार खाण्यादेण्याला त्यांची हरकत नव्हती. त्यांचा राग वेगळाच होता. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. सोडायचं, हात देऊन उठवायचं. इथे पाठ टेकल्यावर खरी मारामारी सुरू होते. "पडलेल्यावर हात टाकायचा? असला कसला खेळ!" असं म्हणून ते टोपी झटकायचे, टोपीवर धूळ नसली तरी.

मी त्यांना डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. सांगायला नको होतं बहुतेक.

"घिस्सा पुसणार?" तात्या म्हणाले.

"तात्या, नाहीतर परवाना जातोय तिचा."

"घिस्सा माझा हाय. मला कुणी इचारलं?"

"तुमचा कसा?" रणजिता आतून आली. तिचा आवाज चढला होता. "हात माझा हाय की! तुम्ही शिकवलंसा म्हणून मी लाल दिवा खातीया. पिंजऱ्यात मी जातीया, तुम्ही न्हाई. एकदा तरी आलायसा बघायला?"

तात्या उठले आणि तालमीकडे निघून गेले. जेवायला आले नाहीत. मी डबा घेऊन गेलो तर म्हातारा आखाड्याच्या कडेला बसून माती चाळत होता. मला म्हणाले, "जावईबापू, तिची आई गेल्यावर मला तिच्याशी बोलायला येत न्हवतं. पोरगी रडायची. मी काय बोलणार? मग म्हटलं, ये, पकड हितं. एवढंच येत हुतं मला."

मी डबा उघडून दिला. मला भरून आलं होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी चटणीबद्दल काहीतरी बडबडलो.

*

उपचाराआधी डॉक्टरांना सवय नीट मोजायची होती. त्यासाठी कुणीतरी गुडघ्यांवर ओणवं बसायला हवं होतं, म्हणजे रणजिता पाठीमागून जाईल आणि हुकूम कधी सुटतो ते कळेल. मी पुढे झालो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "तू बस बाजूला. तुझी पाठ बघून तिला हसू येईल."

तात्या न सांगता आमच्या नंतरच्या बसने आले होते. धोतर खोचून ते मॅटवर ओणवे बसले. डॉक्टर घाबरल्या. या वयात असं काही करू नका म्हणाल्या. तात्यांनी त्यांना "बाई, तुमचं मशीन लावा" एवढंच सांगितलं.

रणजिता मागून गेली. हात कमरेपाशी पोचला आणि पडद्यावर रेघ उसळली. बोटं उघडीच होती. पुन्हा केलं, पुन्हा उसळली. प्रत्येक वेळी अगदी तशीच. डॉक्टरांनी तात्यांना उठवून पडदा दाखवला. "हे बघा. हा हुकूम. किती स्वच्छ आहे! इतकी पक्की रेघ मी कुणाची बघितली नाही."

तात्या चष्मा लावून पडद्याजवळ वाकले. "हे मी घातलंय व्हय तिच्यात?"

"हो."

"आणि हे असं दिसतंय?"

"असंच."

म्हाताऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं, रेघेच्या टोकाला. मग म्हणाले, "पोरी, तुला नको असंल तर काढून टाक. तुझा हात हाय. मी उगाच बोललो."

आणि मग जे व्हायचं ते झालं. इतका वेळ घट्ट राहिलेली माझी बायको रडायला लागली. "मला काढायचं नाही," ती म्हणाली. "तात्या, तुम्ही माझ्याशी जे कधी बोलला नाहीत ते सगळं याच्यात आहे. हे गेलं तर माझ्यापाशी तुमचं काय राहतंय?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. मला मात्र मघापासून वेगळंच काहीतरी छळत होतं. मी बघत होतो की तात्यांनी धोतर खोचलं होतं तिकडे रणजिताचा हात सरळ गेला, अगदी न बघता. माझंही तसंच होतं. गठ्ठ्यात हात घातला की बोटं आपोआप कापडाचा काठ शोधतात. आणि काठ सापडला की ती थांबतात.

"डॉक्टर," मी म्हणालो, "हिच्या बोटांना कापड हवंय. पण त्यांना हे कुठं ठाऊक आहे की ते कुणाचं? दुसऱ्याचं धरलं तर फाउल. स्वतःचं धरलं तर?"

डॉक्टरांनी मान वर केली. "स्वतःचं म्हणजे?"

"दोन्ही हात समोरचीच्या कमरेभोवती घालायचे आणि उजव्या हातानं आपलंच डावं मनगट धरायचं. तसा विळखा नियमात बसतो. हुकूम सुटू दे की! फक्त तो सुटेल तेव्हा हात आपल्याच मनगटावर असला पाहिजे."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "पुसायचं नाही. वाट बदलायची," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "ढिला पडलेला दोरा उसवायच्या ऐवजी दुसरीकडे टाचता येईल का, असंच ना? करून बघू. यंत्र मी लावते. कापडाचं तुम्ही बघा."

*

कापडाचं मी बघितलं. तात्यांच्या जुन्या लाल लंगोटाच्या कापडातून मी रणजिताच्या डाव्या मनगटासाठी जाड, दुमडलेली पट्टी शिवली. आणि समोर ओणव्या बसणाऱ्यासाठी अंगाला चिकटून बसणारी, गुळगुळीत, कुठेही बोट शिरणार नाही अशी चड्डी. समोर ओणवे बसणार तात्याच, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

त्या चड्डीत तात्या तालमीत आले तो दिवस गल्ली विसरणार नाही. अंगावर सदरा, डोक्यावर टोपी आणि खाली निळी चकचकीत चड्डी. "हसा," ते म्हणाले, "हसून घ्या. पुन्हा हसायचं न्हाई." आणि ओणवे बसले. आम्ही हसलो ते बराच वेळ हसलो.

रोज सकाळी हेच चालायचं. पाठीमागे जायचं, विळखा घालायचा. गुळगुळीत चड्डीवर बोटं घसरायची आणि आपल्याच मनगटावरचं जाड कापड त्यांना सापडायचं. पहिले काही दिवस तात्या नाक मुरडत होते. "ह्यो घिस्सा न्हवं. घिश्शाचा चुलतभाऊ हाय." मग एके दिवशी तिने विळखा आवळून त्यांना अलगद उलटवलं, आणि पाठ टेकताच सोडून हात पुढे केला. मातीवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "हां. हे चालंल."

मी दर आठवड्याला मनगटाची पट्टी पातळ करत गेलो. जाड, मग एकपदरी, मग सुताची. शेवटी फक्त ग्लोव्ह्जखाली बांधतात ते नेहमीचं बँडेज उरलं. सांगलीला डॉक्टर यंत्राचे ठोके द्यायच्या आणि रेघ बघायच्या. रेघ तशीच उसळत होती, तेवढीच उंच, तेवढीच स्वच्छ. फक्त आता ती उसळायची तेव्हा हात घरी असायचा.

लढतीच्या दिवशी पुण्याला निघालो तेव्हा तात्या पिशवी घेऊन दारात उभे होते. बिनचालकाच्या एसटीत ते पुढच्या सीटवर बसले आणि वाटभर रिकाम्या जागेला 'जरा दमानं, बाबा' म्हणून सांगत राहिले.

*

लालरेमी उंच होती, चपळ होती, आणि तिची लाथ बघून मला खुर्चीत मागे सरकावंसं वाटलं. पहिल्या राऊंडमध्ये रणजिताने बराच मार खाल्ला. दुसऱ्यात तिने अंतर तोडलं, रेमीला जाळीशी दाबलं, गुण बरोबरीला आणले. मधल्या विश्रांतीत मी तिच्या भुवईला बर्फ लावत होतो. तिने डावं मनगट माझ्यापुढे केलं. मी बँडेज चाचपून बघितलं. घट्ट होतं.

तिसऱ्या राऊंडमध्ये रेमीची एक लाथ चुकली. तिचा तोल गेला, ती हातांवर आली आणि रणजिता पाठीमागे पोचली.

मी लढतीकडे बघितलंच नाही. मी दिव्याकडे बघत होतो.

रेमीची चड्डी माझ्याच दुकानातली असती तर इतकी ढगळ नसती. कापड हातभर अंतरावर फडफडत होतं. रणजिताचा उजवा हात कमरेपाशी गेला. मला ठाऊक होतं की पूर्वी हुकूम इथेच सुटायचा. हात कमरेला वळसा घालून पुढे गेला, आपल्याच मनगटावर बसला आणि मिटला.

दिवा हिरवा होता.

मग ती आवळत गेली, कूस बदलली आणि रेमी पुढे उलटली. धपकन आवाज आला. दोन्ही खांदे मॅटवर. घिश्शाचा चुलतभाऊ, अगदी तालमीत झाला तसाच. आता रणजिताने वर बसायचं होतं, ठोसे टाकायचे होते. पट्टा आमचा होता.

आणि माझ्या बायकोने हात सोडले. ती मागे सरकली, उठून उभी राहिली आणि रेमीला उठवायला हात पुढे केला.

पंचबाई पुढे आल्या, थांबल्या, दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवाच. पाठ टेकल्यावर सोडून देणं हा कुठल्याच पुस्तकात फाउल नाही. आम्ही महिनोन् महिने एक सवय धरून बसलो होतो, आणि तिच्या शेजारची ही दुसरी आमच्या कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक ओळखीचा आवाज फुटला, "चितपट! झाली कुस्ती!" तात्या उभे राहिले होते. टोपी नीट करून त्यांनी डावीकडच्या अनोळखी माणसाशी हात मिळवला, मग उजवीकडच्याशी, आणि जिना उतरून खाली यायला लागले. त्यांच्या लेखी लढत संपली होती.

रेमीने खालून रणजिताच्या हाताकडे बघितलं. ती लाथ मारू शकत होती. नियमात बसलं असतं. तिने हात धरला आणि उठली. मग दोघी भानावर आल्या आणि पुन्हा लढायला लागल्या, पण वेळ संपत आली होती. घंटा झाली. निकाल रेमीच्या बाजूने लागला, अगदी थोडक्यात. वर बसून राहिली असती तर रणजिताच जिंकली असती, असं पंचांनी नंतर सांगितलं.

"का सोडलंत हो?" पंचबाईंनी तिला विचारलं.

"ती चित झाली होती," रणजिता म्हणाली, जणू त्यापुढे आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

मला वाटलं होतं ती रडेल. पण भुवई सुजलेली माझी बायको पिंजऱ्यातून उतरली ती हसत. नवी लाल खूण नव्हती. परवाना शाबूत होता. आणि जाळीच्या दाराशी तात्या उभे होते. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, एवढी जोरात की रेमीची एकही लाथ तशी बसली नसेल.

*

पुढच्या आठवड्यात डॉक्टर बागवानांनी लढतीची नोंद पडद्यावर लावली. आम्ही तिघंही गेलो होतो. तात्यांना आता मशीनची गोडी लागली होती.

"ही रेघ घिश्शाची," डॉक्टर म्हणाल्या. "बघा, हुकूम सुटला तेव्हा हात मनगटावर. नेमका." मग त्यांनी चित्र थोडं पुढे नेलं. तिथे दुसरी एक रेघ होती, पहिलीपेक्षाही उंच. "आणि हे दोन्ही खांदे टेकले तेव्हाचं. दोन्ही हातांना सोडायचा हुकूम. तुम्हाला कळायच्या कितीतरी आधी गेलाय. हीसुद्धा घिश्शाच्याच दोऱ्यात आहे." त्या जरा घुटमळल्या. "पट्टा हिच्यामुळे गेला तुमचा. ही काढायची असेल, किंवा दुसरीकडे वळवायची असेल, तर प्रयत्न करता येईल. काढायची का?"

तात्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी 'माझा हाय' म्हटलं नाही, 'काढ' म्हटलं नाही. फक्त टोपी काढून झटकली.

रणजिता त्या दुसऱ्या रेघेकडे बघत होती. मला वाटतं ती त्या रेघेत तालीम बघत होती, आणि मातीत पडलेली एक लहान पोर, आणि तिला उठवायला पुढे आलेला हात.

"ही राहू दे," ती म्हणाली. "हिच्यासकट जिंकता आलं तर बघते."

डॉक्टर हसल्या आणि पडदा बंद केला. आम्ही जिना उतरलो. खाली रसवंतीवर तिघांनी रस घेतला. माझा पेला संपला तेव्हा तिच्या पेल्यात थोडा उरला होता. मी हात पुढे केला आणि तिच्या पिशवीतला फोन टिंग वाजला. ती माझ्याकडे बघून हसली आणि पेला माझ्यापुढे सरकवला.

तात्यांनी मिशा पुसल्या. तिकडे काही फार बारीक काम चाललं असावं तसे ते रस्त्याकडे बघत होते. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "पुढची कुस्ती कधी हाय गं, पोरी?"